विश्लेषण : एक वाटी म्हणजे नेमके किती ग्रॅम? स्वयंपाकघरातील मापांचे गणित काय सांगते?

वहीत ‘वाटी’, यूट्यूबवर ‘कप’ आणि पाकिटावर ‘ग्रॅम’. एकाच पदार्थासाठी तीन मापे समोर आली की अनेकांचा गोंधळ उडतो. वाटीचे माप चुकीचे असते का, कपाचे ग्रॅम कसे करायचे, एकाच वाटीत साखर आणि मैद्याचे वजन वेगळे का भरते आणि घरच्या वाटीचा तक्ता दहा मिनिटांत कसा तयार करता येतो, याविषयी…

आजीच्या वहीतील चकलीच्या पानाचा फोटो पुण्याहून मेलबर्नला पोहोचायला काही सेकंद लागतात. ‘दोन वाट्या भाजणी, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन, चवीपुरते मीठ’ असे त्यात लिहिलेले असते. तिथे वाटी नसते म्हणून मेजरिंग कप घेतला जातो, मोठ्या चमच्याच्या जागी तिथला टेबलस्पून येतो. चकली होते, पण दाताने तुटत नाही. भाजणी तीच, कृती तीच. मग बिघडले कुठे?

हिशेब करून पाहू. समजा, आजीची वाटी १५० मिलिलिटरची आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. म्हणजे ३०० मिली पिठाला ३० मिली तेल, अर्थात पिठाच्या आकारमानाच्या १० टक्के. ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलीचा आणि टेबलस्पून २० मिलीचा असतो. तिथे ५०० मिली पिठाला ४० मिली तेल पडले, म्हणजे आठ टक्के. मोहन पाचव्या हिश्श्याने कमी झाले आणि चकली कडक झाली. कृतीतला एकही आकडा बदलला नव्हता. आकड्यांमागची भांडी मात्र बदलली होती.

वाटीचे माप चुकीचे आहे का?

नाही. घरगुती मराठी पाककृतींतील वाटी हे मुळात वजनाचे एकक नसून प्रमाण सांगण्याची पद्धत आहे. उकडीच्या मोदकांसाठी एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी, असे सांगितले जाते. वाटी लहान असो की मोठी, दोन्हींसाठी तीच वापरली तर प्रमाण एकास एकच राहते. चकलीच्या भाजणीतील तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ यांचे चार-दोन-एक हे प्रमाणही वाटीने मोजा, फुलपात्राने मोजा की डब्याच्या झाकणाने, बिघडत नाही.

शंकरपाळ्यांची कृती तर आणखी हुशार आहे. दूध, तूप आणि साखर एकेक वाटी आणि मैदा ‘मावेल तेवढा’. मैद्याचे माप वाटीनुसार आणि भरणाऱ्याच्या हातानुसार सर्वात जास्त बदलते. नेमके तेच माप कृतीने हाताच्या अंदाजावर सोपवले आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) मराठी घरांत वाटी-चमच्याचे माप रुजवले, त्यामागेही हीच सोय होती. तराजू नसलेल्या घरातही वाटी आणि चमचा असतोच.

मग हिशेब कुठे फसतो?

एकाच कृतीत दोन पद्धती मिसळल्या की. नेहमीचे उदाहरण केकचे. परदेशी कृतीत ‘दोन कप मैदा, एक टीस्पून खाण्याचा सोडा’ असे दिलेले असते. घरात मेजरिंग कप नसला तर वाटी घेतली जाते, चमचा मात्र पाच मिलीचा, बरोबर मापाचा मिळतो. अमेरिकी दोन कपांत साधारण २४० ग्रॅम मैदा मावतो. १५० मिलीच्या दोन वाट्यांत तो १५५ ग्रॅमच्या आसपास भरतो. मैदा एक तृतीयांशाहून अधिक कमी झाला, सोडा मात्र होता तेवढाच राहिला. असा केक भट्टीत भराभर फुगतो, मध्ये बसतो आणि खाताना साबणासारखी चव जिभेवर राहते. दोष सोड्याला किंवा ओव्हनला दिला जातो.

अंडी, यीस्टचे पाकीट, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, लोण्याची १०० ग्रॅमची वडी हे सारे ठरावीक वजनाचे किंवा संख्येचे घटक आहेत. ते वाटीबरोबर लहान-मोठे होत नाहीत. कृतीत असा एक जरी घटक असला, तर वाटीचा आकार माहीत असणे गरजेचे ठरते.

कप म्हणजे नेमका किती?

हे कृती कोणत्या देशातली आहे यावर ठरते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलीचा. तिथल्या पाकिटांवरील पोषणमूल्यांच्या तक्त्यासाठी तो २४० मिली धरला जातो. ऑस्ट्रेलियातील कप २५० मिलीचा. जपानी पाककृतींमधला कप २०० मिलीचा, तर जपानी पद्धतीच्या राइस कुकरसोबत मिळणारा लहान कप सुमारे १८० मिलीचा असतो. भारतात ऑनलाइन मिळणाऱ्या संचांत २४० आणि २५० मिली असे दोन्ही कप आढळतात. त्यामुळे कपाच्या दांड्यावर कोरलेला आकडा वाचणे चांगले. आपल्याकडचा चहाचा कप यात कुठेच बसत नाही.

चमच्यांतही तीच गत. टीस्पून पाच मिलीचा, टेबलस्पून १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. कृती उतरवून घेताना टीस्पूनचा टेबलस्पून झाला तर जिन्नस थेट तिप्पट पडतो. मीठ आणि सोड्याच्या बाबतीत ही चूक सावरता येत नाही.

अमेरिकेत कप-चमच्याची पद्धत पक्की होण्यात फॅनी फार्मर यांच्या १८९६ मधील ‘बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’चा मोठा वाटा मानला जातो. कप काठोकाठ भरून वरचा भाग सुरीने सपाट करायचा, हा नियम त्यांनी आग्रहाने मांडला. युरोपातील बहुतेक देशांत मात्र घरगुती बेकिंगमध्येही वजनकाटाच वापरला जातो. म्हणून एकाच केकची अमेरिकी कृती कपात आणि फ्रेंच कृती ग्रॅममध्ये दिसते.

एकाच वाटीत वजन वेगळे का भरते?

मिलिलिटर हे आकारमान मोजते, ग्रॅम हे वस्तुमान. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे घनता. पाण्याच्या बाबतीत हिशेब सोपा आहे, एक मिलिलिटर पाणी म्हणजे जवळपास एक ग्रॅम. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजेच ते हलके असते. १०० मिली तेल सुमारे ९२ ग्रॅम भरते. मध जड, त्यामुळे १०० मिली मध १४० ग्रॅमच्या आसपास जातो.

तापमानाचाही परिणाम होतो. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरते. तापले की तेल प्रसरण पावते आणि तेवढ्याच जागेत कमी वजन मावते. काही उत्पादक पाकिटावर ६० अंशांचा उल्लेख करून वजन छापत होते. त्यामुळे ‘एक लिटर’च्या पाकिटात प्रत्यक्षात कमी तेल येण्याची शक्यता होती. म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून, आकारमान आणि त्याच्याशी जुळणारे वजन छापण्याचे निर्देश दिले. आकारमान आणि वजन यांतला फरक थेट ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचतो, तो असा.

मैदा सर्वात बेभरवशाचा का?

साखर, मैदा, बेसन यांच्या वाटीत फक्त तो पदार्थ नसतो, कणांमधली हवाही असते. साखरेचे दाणे फारसे दबत नाहीत, म्हणून साखरेची वाटी दर वेळी साधारण सारखीच भरते. मैद्याचे तसे नाही. चमच्याने हळूहळू घालून वरून सपाट केलेला अमेरिकी कपभर मैदा १२० ते १२५ ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर वजन १४० ते १५० ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे एकाच व्यक्तीने, एकाच कपाने, एकाच डब्यातून मोजलेल्या मैद्यात २० टक्क्यांचा फरक सहज पडतो.

वाटी सपाट भरली की शीग लावून, यानेही मोठा फरक पडतो. पसरट वाटीवर शीग मोठी बसते, उभ्या भांड्यावर लहान. म्हणून कृतीत ‘सपाट’ हा शब्द लिहिलेला असणे फार उपयोगाचे ठरते.

पिठीसाखरेचा गोंधळ आणखी वेगळा. बेसन लाडवांच्या कृतीत ‘एक वाटी साखर दळून’ आणि ‘एक वाटी पिठीसाखर’ या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण तशा नाहीत. १०० मिली दाणेदार साखर सुमारे ८५ ग्रॅम भरते, तेवढीच पिठीसाखर सुमारे ५० ग्रॅम. एक वाटी साखर दळली की दीड वाटीहून अधिक पिठीसाखर होते. त्यामुळे पहिल्या कृतीचे लाडू दुसऱ्या कृतीपेक्षा बरेच गोड होतात.

मापाकडून वजनाकडे प्रवास कसा झाला?

आकारमानाने धान्य मोजणे ही महाराष्ट्राची जुनी रीत. चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली ही त्यातली मापे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे पायली. शेर हा शब्द मापालाही होता आणि वजनालाही, त्यामुळे गोंधळाला वाव होताच. ८० तोळ्यांचा प्रमाण शेर वजनाने सुमारे ९३३ ग्रॅमचा. पायली मात्र जागा मोजते, त्यामुळे कोणते धान्य भरले आहे त्यानुसार तिचे वजन बदलते. माप शीग लावून द्यायचे की सपाट, हा देणाऱ्या-घेणाऱ्यातला वादाचा विषय असे. ‘मापात पाप’ ही म्हण उगाच रुळलेली नाही.

१९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत लागू झाली. बाजारात किलो आणि लिटर आले. ‘शेरास सव्वाशेर’ आणि ‘पैशाला पासरी’ ही जुनी वजने भाषेत तेवढी उरली. स्वयंपाकघरात मात्र काटा शिरला नाही. दुकानातून धान्य किलोने येते आणि घरात वाटीने मोजले जाते. आजचा गोंधळ याच उंबरठ्यावर होतो.

घरच्या वाटीचा तक्ता कसा तयार करावा?

यासाठी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील साधा डिजिटल काटा पुरेसा आहे.

१) रिकामी वाटी काट्यावर ठेवून ‘टेअर’चे बटण दाबावे. आकडा शून्यावर येतो.

२) वाटी पाण्याने काठोकाठ भरावी. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजेच त्या वाटीचे मिलिलिटर. १५२ ग्रॅम दिसले तर वाटी १५२ मिलीची.

३) हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. काटा नसेल तर खुणा असलेल्या दुधाच्या बाटलीने किंवा सिरिंजने पाणी मोजूनही वाटीचा आकार कळतो.

४) वाटीचे मिलिलिटर खालील यादीतील आकड्याने गुणून १०० ने भागावे.

प्रत्येकी १०० मिलीचे अंदाजे वजन असे :

पाणी – १०० ग्रॅम
दूध – १०३ ग्रॅम
तेल – ९२ ग्रॅम
पातळ केलेले तूप – ९१ ग्रॅम
मध – १४० ग्रॅम
साखर – ८५ ग्रॅम
पिठीसाखर – ५० ग्रॅम
मैदा, कणीक – ५० ते ५५ ग्रॅम
बेसन – ४० ते ५० ग्रॅम
रवा – ७० ग्रॅम
तांदूळ – ८० ते ८५ ग्रॅम
बारीक मीठ – १२० ग्रॅम

उदाहरणार्थ, १५० मिलीच्या वाटीत साखर १५० × ८५ ÷ १००, म्हणजे सुमारे १२८ ग्रॅम. तीच वाटी मैद्याची असेल तर ७५ ते ८२ ग्रॅम. पोहे, किसलेला गूळ, ओला नारळ यांचे आकडे यादीत मुद्दाम दिलेले नाहीत. गूळ दाबून भरला की मोकळा, पोहे जाड की पातळ यावर त्यांचे वजन इतके बदलते की एक आकडा देणे दिशाभूल करणारे ठरेल. असे जिन्नस आपल्या हाताने, आपल्या वाटीने भरून एकदा काट्यावर ठेवणे हाच खात्रीचा मार्ग.

उलट हिशेबही याच पद्धतीने होतो. कृतीत २०० ग्रॅम साखर असेल आणि वाटीत १२८ ग्रॅम मावत असेल, तर साधारण दीड वाटी आणि वर एक मोठा चमचा घ्यावा लागेल.

काटा कुठे कमी पडतो?

वजन म्हणजे सगळ्यावर उतारा नव्हे. घरगुती काटा एक ग्रॅमच्या पायरीने मोजतो. एक टीस्पून हळद सुमारे तीन ग्रॅम आणि एक टीस्पून सोडा साडेचार ग्रॅमच्या आसपास भरतो. इतक्या कमी वजनात काट्याची एक ग्रॅमची चूकही २० ते ३० टक्क्यांची होते. अशा वेळी सपाट भरलेला मापाचा चमचा अधिक भरवशाचा. त्यामुळे पीठ, साखर, लोणी काट्यावर आणि मसाले, सोडा, यीस्ट चमच्याने, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

कणकेला किती पाणी लागेल, हेही काटा सांगत नाही. ते गव्हाच्या जातीवर, दळण किती बारीक आहे त्यावर आणि हवेतील दमटपणावर ठरते. पावसाळ्यात पिठाने आधीच ओलावा धरलेला असतो. तिथे ‘मावेल तेवढे’ हेच माप शास्त्रीय आहे.

चव बिघडण्यापलीकडे धोका कुठे?

जुलाब झालेल्या मुलाला घरी साखर-मिठाचे पाणी दिले जाते. त्याचे प्रचलित प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट टीस्पून साखर आणि अर्धा सपाट टीस्पून मीठ असे आहे. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा. अर्धा टीस्पून बारीक मीठ म्हणजे सुमारे तीन ग्रॅम. पोहे खाण्याचा मोठा चमचा शीग लावून भरला तर मीठ कित्येक पट होऊ शकते. जास्त मिठाचे पाणी लहान मुलासाठी घातक ठरते. म्हणूनच उपलब्ध असेल तेव्हा ओआरएसचे पाकीट वापरणे सुरक्षित. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पाकिटात २०.५ ग्रॅम घटक असतात. ते पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवायचे असते. अर्धे पाकीट ‘अंदाजे’ पेल्यात टाकणे टाळावे.

सिरपच्या औषधालाही हेच लागू. डोस पाच मिलीचा असेल तर बाटलीसोबतचे टोपण किंवा ड्रॉपर वापरावा, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे.

विक्रीसाठी करणाऱ्यांना फायदा काय?

घरून फराळ विकणाऱ्यांना हा हिशेब थेट पैशांत दिसतो. चार वाट्यांची कृती ४० वाट्यांवर नेताना प्रत्येक वाटीतली दहा-वीस टक्क्यांची तफावत साठत जाते. एका घाण्याचे लाडू मऊ आणि दुसऱ्याचे कोरडे होतात. कृती एकदा ग्रॅममध्ये उतरवली की घाणा कोणीही केला तरी चव तीच राहते, किलोमागे खर्च नेमका काढता येतो. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, माप किंवा संख्या छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. विक्री ग्रॅममध्ये होणार असेल तर कृतीही ग्रॅममध्ये असलेली बरी.

याचा अर्थ वाटी अडगळीत टाकावी असा नाही. रोजच्या वरण-भाताला, उकडीला, भाजणीला वाटी पुरेशी आहे. पण कृती घराबाहेर, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात किंवा पुढच्या पिढीकडे जाणार असेल, तर ‘एक वाटी’ एवढे लिहून भागत नाही. आजीची वाटी हाताशी आहे तोवर ती एकदा पाण्याने भरून मोजावी आणि वहीत लिहून ठेवावे, ‘आपली वाटी = १५२ मिली, सपाट’. एवढ्या एका ओळीने वहीतल्या सगळ्या कृती कुठल्याही स्वयंपाकघरात वाचता येतील.